सिटीची अलॉय चाकं घरी घासून पॉलिश केली, त्याचा सगळा हिशेब

गाडी २०१२ ची होंडा सिटी, पेट्रोल, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. इंजिन ठणठणीत, एसी थंडगार, पण चाकांकडे बघवत नव्हतं. कंपनीच्या चंदेरी अलॉयवरचा लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जागोजागी सुटला होता आणि त्याच्या खालून पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा पसरल्या होत्या. डाव्या बाजूची दोन्ही चाकं फुटपाथला घासून कडेला कातरलेली. त्यात एका वॉशिंग सेंटरवर पोराने ब्रेकची काळी धूळ काढायला चाकांवर ॲसिड मारलं. धूळ गेली आणि तिच्या जागी ढगाळ डाग बसले. पेट्रोल गाडीची आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे माझी २०२७ पर्यंत. तोवर गाडी ठेवायची हे घरात ठरलेलं, तेव्हा चाकांचं काहीतरी करणं भाग होतं.

हे लिहितोय ते चारही चाकं होऊन एक अख्खा पावसाळा त्यांच्यावरून गेल्यावर. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर चकचकीत फोटो टाकून मोकळा झालो असतो, आणि वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळली असती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. नवीन ओरिजिनल रिम एकेक दहा हजारांच्या पुढे. उद्यमनगरातला पावडर कोटिंगवाला (रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजतात तो) चाकामागे २,२०० रुपये म्हणाला. त्यात जुना रंग काढणं, सँड ब्लास्टिंग आणि नवा कोट. लेथवर चाकाचा दर्शनी भाग तासून ‘डायमंड कट’ करून देणारा पुण्यात सापडला. त्याचे चाकामागे साडेतीन हजार, शिवाय चाकं न्यायची-आणायची कटकट. पण मला रंगच नको होता. जुन्या बुलेटच्या इंजिन कव्हरला असते ती उघड्या ॲल्युमिनियमची चकाकी हवी होती. पावडर कोटिंगवाल्याने सरळ सांगितलं, “ते हाताचं काम कोण करत बसणार साहेब? तुम्हीच करा की घरात बसून.”

विम्यातून काही निघतं का, तेही पाहिलं. निघत नाही, आणि निघालं तरी परवडत नाही. लॅकर सुटणं, गंज, डाग ही झीज धरतात आणि झिजेला विमा लागू नाही. फुटपाथचं घासणं अपघात म्हणून दाखवता येतं, पण माझी दोन चाकं दोन वेगळ्या वेळी घासलेली, म्हणजे क्लेमही दोन. गाडी दहा वर्षांवरची असली की धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे पहिले १,००० रुपये आपल्या खिशातून (सिटी १४९७ सीसीची, थोडक्यात वाचली; त्यापुढे २,००० जातात). आणि एक क्लेम घेतला की ५० टक्क्यांवर चढलेला नो क्लेम बोनस पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. एवढं गणित मांडल्यावर मी क्लेमचा नाद सोडला आणि फक्त एक ईमेल टाकला: गाडीच्याच रिम घासून पॉलिश करणार आहे, पॉलिसीत नोंद लागते का? आठवड्याभराने उत्तर आलं की रिम आणि माप तेच असल्याने लागत नाही. ते उत्तर पॉलिसीच्या कागदांत लावून ठेवलंय. आरटीओचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात फेरफार करण्याबद्दल आहे. मोठ्या मापाच्या रिम चढवल्या तर प्रश्न येतो. आहेत त्याच घासल्या तर कुणी विचारत नाही.

खरी परवानगी लागली ती अपार्टमेंटची. सेक्रेटरी म्हणाले, तोंडी चालणार नाही, अर्ज द्या. मग रीतसर: ‘विषय: पार्किंगमध्ये स्वतःच्या वाहनाच्या चाकांचे किरकोळ काम करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ दिवाळी तोंडावर असल्याने मीटिंग पुढे गेली आणि अर्ज १० नोव्हेंबरच्या रविवारी मंजूर झाला, तोही अटींसह. सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढंच मशीन चालवायचं, कॉमन मीटरची वीज घ्यायची नाही, कुठलंही रसायन चेंबरमध्ये सोडायचं नाही, काम झाल्यावर जागा पूर्ववत. रसायनाची अट मला तेव्हा जाचक वाटली, पण रिमूव्हरचा डबा उघडल्यावर पटली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा कागद आधीच करून घ्यावा. एकदा ड्रिलचा आवाज सुरू झाला की सगळ्यांना एकदम नियम आठवतात. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या भावाने मीटिंगमध्येच बुकिंग केलं: “झालं की माझ्या बुलेटचं कव्हर पण घे भावा.”

एका वेळी एकच चाक घ्यायचं हे आधीच ठरवलं होतं. माझी स्टेपनी लोखंडी रिमची पण त्याच मापाची, १७५/६५ आर १५. ती लावली की गाडी रोजच्या वापरात राहते आणि कामाची घाई होत नाही. गाडी चार विटांवर उभी करून चारही चाकं एकदम काढायच्या भानगडीत पडू नका. जॅकवर आठवडाभर टांगलेली गाडी आणि पार्किंगमध्ये खेळणारी पोरं, हे एकत्र नको. दुसरा फायदा असा की पहिलं चाक पूर्ण झाल्यावर उरलेली करायची की नाहीत, हे डोकं शांत ठेवून ठरवता येतं.

टायर पंक्चरवाल्याकडून काढून घेतला. त्याला दोन गोष्टी बोलून ठेवा. मशीनचा जबडा रिमच्या पुढच्या कडेला लागतो तिथे प्लॅस्टिकची टोपी लावायला सांगा, आणि व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करून घ्या, म्हणजे टायर परत त्याच जागी बसतो. टायर न काढता, कडेला चिकटपट्टी लावून घासता येतं असं सांगणारे भेटतील. बाहेरची कड नीट घासायची असेल तर ते जमत नाही, आणि रिमूव्हर रबराला लागला तर टायर खराब होतो.

पेंट रिमूव्हर हे या सगळ्यातलं सगळ्यात वाईट काम. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो बहुतेक करून मेथिलीन क्लोराइडचा असतो. हाच द्रावक असलेल्या रिमूव्हरची घरगुती विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये बंद केली, कारण बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत. एन-९५ मास्क वाफेपुढे निरुपयोगी, वाफ शोषणारं काडतूस लावलेला मास्कही या द्रावकापुढे फार वेळ तग धरत नाही. तेव्हा उघडी हवा हाच खरा उपाय: वाऱ्याकडे पाठ, लावायचं आणि लांब जाऊन बसायचं. मी इमारतीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात, जुन्या पत्र्यावर चाक ठेवून केलं. नायट्राइलचे हातमोजे दुहेरी घातले आणि सारखे बदलले, कारण हा त्यांच्यातूनही झिरपतो. कातडीवर थेंब पडला तर लगेच कळतं, इतकं चरचरतं.

ब्रशने जाड थर द्यायचा आणि वर किराणा मालाची पातळ प्लॅस्टिक पिशवी पसरून ठेवायची, म्हणजे द्रावक उडून जात नाही. थोड्या वेळाने रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर येतो. लॅकर आणि चंदेरी रंग पहिल्याच हाताला निघाले, खालचा राखाडी थर मात्र हट्टी. तो पुन्हा पुन्हा लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. पत्र्याची पट्टी किंवा लोखंडी तारेचा ब्रश नको: लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नंतर त्या जागी गंजाचे ठिपके दिसतात. निघालेला चिखल वर्तमानपत्रावर घेऊन उन्हात सुकवला आणि डब्यात भरून ठेवला. रंग फक्त दर्शनी भागाचा काढला. रिमचा आतला भाग, टायर जिथे बसतो ती कड, मागची गाडीच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू आणि नटांच्या खाचा, यांना हात लावला नाही. तिथला रंग गेला किंवा धातू झिजला तर हवा गळणं, नट ढिले पडणं असली दुखणी मागे लागतात.

या टप्प्यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. एकजण म्हणाला, कॉस्टिकमध्ये बुडव, रंग आपोआप निघेल. रंग निघेल, चाकही निघेल. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, हे शाळेच्या विज्ञानात आहे. आईने पितांबरीचा डबा आणून पुढ्यात ठेवला. तिला सांगितलं, ही तांब्या-पितळेची, इथे नको. तिचं म्हणणं, “मग घासतोस तरी कशाला, काळंच दिसतंय.” त्या दिवशी खरंच काळं दिसत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी चाक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “घासायच्या आधी तडा बघ. तडा असला तर कितीबी चमकव, उपयोग नाही.” त्यांची पद्धत जुनी आणि फुकटची. स्वच्छ धातूवर रॉकेल लावायचं, अर्धा तास ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुसून काढायचं आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत उमटतं आणि काळसर रेघ दिसते. आरे जिथे रिमला मिळतात तिथे आणि नटांच्या भोवती नीट बघायचं. रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलवर भागवलं. माझ्या चारही चाकांना रेघ आली नाही. आली असती तर ते चाक भंगारात, याबद्दल काकांचं दुमत नव्हतं. वेल्डिंग करून देणारे आहेत, पण तसल्या चाकावर हायवेला माणसं बसवायची नाहीत.

मग घासणं. इथे मी लांबण लावणार आहे, कारण चकाकी जी काय येते ती इथेच येते.

फुटपाथने कातरलेल्या कडेला आधी अर्धगोल कानस. ॲल्युमिनियम मऊ असल्याने कानशीचे दात भरतात आणि अडकलेला कण नव्या रेघा ओढतो. कानशीवर आधी खडू घासून घेतला की दात कमी भरतात, हेही काकांचंच. कानस आडवी एका जागी फिरवायची नाही, कडेच्या गोलाईसोबत लांब हात मारायचा. खोल खड्डा पूर्ण काढायचा हट्ट धरला तर कड पातळ होते, म्हणून एक-दोन खोल ओरखडे मी गुळगुळीत करून तसेच ठेवले. उभ्या माणसाला ते दिसत नाहीत.

त्यानंतर वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका पेपर बारीक. खरचटलेल्या जागी १२०, मग सगळीकडे २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवायचा, बादलीत भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि ओलंच घासायचं. ओल्याने पेपर कमी भरतो आणि महत्त्वाचं म्हणजे धूळ उडत नाही. ॲल्युमिनियमची बारीक कोरडी पूड पेट घेते. लोखंडाच्या गंजात ती मिसळली आणि वर ग्राइंडरची ठिणगी पडली तर काय होतं ते रेल्वेचे रूळ जोडताना वापरतात त्या थर्माइटच्या कामात दिसतं. म्हणून एकाच कोपऱ्यात लोखंड कापणं आणि ॲल्युमिनियम घासणं, दोन्ही करू नये. पेपरखाली धरायला स्लीपरच्या रबराचा तुकडा उत्तम. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी दबून लाटा उमटतात, त्या पॉलिश झाल्यावरच दिसतात.

प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. २२० आडवा, ३२० तिरका, ४०० उलट तिरका. दिशा बदलली की आधीच्या नंबरची रेघ नव्या रेघांना छेदून वेगळी उठून दिसते आणि ती पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही. दिवसाच्या उजेडात सगळं छान दिसतं. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च चाकाला जवळजवळ आडवा धरा, मग कळतं. आणखी एक युक्ती: नवा नंबर सुरू करण्याआधी मार्कर पेनने सगळीकडे गिरगटायचं. खोलगट जागेत शाई शेवटी राहते, तिथे हात कमी पडलाय हे समजतं. सगळ्यात जास्त वेळ २२० ते ४०० मध्ये जातो. ८०० च्या पुढे काम पळतं. लोक याच्या उलट करतात: सुरुवातीचे नंबर कसेबसे उरकतात आणि २००० वर तासन्‌तास घालवतात. २००० चा पेपर २२० ची रेघ काढू शकत नाही, तिला फक्त चमकवतो.

पहिलं चाक करता करता डिसेंबर उजाडला. दरम्यान ऑफिसच्या बायोमेट्रिक मशीनने माझा अंगठा ओळखायचं बंद केलं. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. ‘मिस पंच’चा फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, साहेबांची सही घ्यायची. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हा प्रश्नच होता. शेवटी ‘बोटांची त्वचा झिजल्यामुळे’ असं लिहिलं. एचआरने विचारलं, “भांडी घासता काय?” तेव्हापासून बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळून घासायला बसलो.

तिसऱ्या चाकाच्या दोन आऱ्यांवर ३२० ला पोचल्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं घाण असेल. घासलं, तर जायच्या ऐवजी नवीनच दिसू लागले. काकांनी भिंग लावून पाहिलं. “पिनहोल हाय ते. थांब आता.” वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो. धातू थिजताना तो बाहेर पडायला बघतो आणि न सुटलेले बुडबुडे आतच राहतात. साच्याला लागून भराभर थिजलेली वरची कातडी घट्ट असते, आत जावं तसे बुडबुडे वाढतात. म्हणजे पिनहोल घासून जात नाहीत, जितकं खोल जाल तितके जास्त उघडे पडतात. इतक्या बारीक छिद्रांनी चाकाच्या ताकदीला धोका नसतो, पण आरसा हवा असेल तर तिथे तो मिळणार नाही. मी त्या दोन आऱ्यांवर पुढचे नंबर हलक्या हाताने फिरवले आणि विषय सोडला. गाडी उभी असताना ते ठिपके माझ्याशिवाय कुणाला दिसलेले नाहीत. मी मात्र दरवेळी तिथेच बघतो.

बफिंगसाठी, म्हणजे फिरत्या कापडी चकतीने (बफने) चमकवायला, घरातलं १३ एमएमचं ड्रिल मशीन वापरलं, २८०० आरपीएमचं. अँगल ग्राइंडरला बफ लावायचा मोह होतो, पण तो ११,००० च्या आसपास फिरतो. बफवर लिहिलेली मर्यादा त्याच्या खाली असली तर बफ फाटून अंगावर येतो. आधी सायसलचा (घायपाताच्या दोऱ्याचा) खरखरीत बफ आणि त्यावर पॉलिशची तपकिरी वडी, मग मऊ सुती बफ आणि पांढरी वडी. एका बफला एकच वडी लावायची, दुसरी नाही. दाबायचं नाही, वडीलाच काम करू द्यायचं. दाबलं की धातू तापतो आणि वडी वितळून काळे पट्टे ओढते. फिरता बफ कडेवरून बाहेरच्या बाजूला सुटला पाहिजे, कडेत घुसला तर मशीन हातातून हिसकावतो. सैल कापडी हातमोजे आणि लोंबणारी बाही इथे नको, डोळ्याला गॉगल हवाच. ड्रिल मशीन तापतं, त्याला अधूनमधून विश्रांती द्या. माझ्या मशीनची आणि अपार्टमेंटच्या वेळापत्रकाची विश्रांती बरोबर जुळायची.

शेवटचा हात ऑटोसोल या मेटल पॉलिशच्या ट्यूबचा, जुन्या बनियनच्या फडक्याने. फडकं काळं होतं, कितीही वेळा पुसलं तरी काळं होतच राहतं. घाण राहिलीय असं समजून घाबरू नका. ॲल्युमिनियम निघतंय ते, म्हणजे पॉलिश काम करतंय. उरलेला तेलकट काळपटपणा कोरडा मैदा चोळून पुसला की जातो. आऱ्यांच्या बेचक्यांत मशीन पोचत नाही, तिथे फडक्याची पट्टी करून दोन्ही हातांनी ओढायची. पहिल्या चाकात पार्किंगची ट्यूबलाइट अख्खी, सरळ दिसली तेव्हा मी वर जाऊन आईला खाली घेऊन आलो. ती म्हणाली, “बरं झालंय. आता बाकीची?”

वर लॅकर मारायचा की नाही, यावर मी बराच वेळ घातला. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर स्प्रे कॅनचा लॅकर नीट धरत नाही, काही महिन्यांत सोलून निघतो, आणि पुन्हा पांढऱ्या रेघांपासून सुरुवात. धरावा म्हणून धातू खरखरीत केला तर इतकं घासलं कशाला? हार्डनर मिसळायचा टू-के लॅकर जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. ते फुफ्फुसांना धरतात आणि एकदा दमा जडला तर जन्माचा. तो फवारायला हवेची नळी असलेला मास्क आणि बूथ लागतो. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या अंगावर तो उडवायचा नसतो. मी धातू उघडा ठेवला आणि वर सीलंटचे, म्हणजे मेणासारख्या संरक्षक लेपाचे, दोन हात दिले.

चौथं चाक जानेवारी २०२५ च्या शेवटाला झालं. टायर बसवताना प्रत्येकाला नवा व्हॉल्व्ह टाकून घेतला. बॅलन्सिंगवाला कडेवर ठोकायची वजनं लावायला निघाला होता. त्याला आतल्या बाजूला चिकटवायची लावायला सांगितलं, नाहीतर नुकत्याच घासलेल्या कडेवर पहिलाच हातोडा. कडेला साबणाचं पाणी लावून हवा गळत नाही ना ते तिथेच बघून घ्या. नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, आवळायचे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलेला असतो, तेवढाच. ओळखीच्या गॅरेजमधून टॉर्क पाना तासाभरासाठी मागून आणला. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासले.

खर्च असा झाला: रिमूव्हरचे दोन डबे ८४०, थिनर १८०, वॉटर पेपर ९००, बफ ४५०, वड्या २६०, मेटल पॉलिश ३७५, सीलंट ६५०, मास्क ९५०, हातमोजे-गॉगल ४००, आणि टायर काढणं-घालणं, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग मिळून १,६००. बेरीज ६,६०५. पावडर कोटिंगचे चार चाकांचे ८,८०० झाले असते, आणि टायरचा खर्च त्यावर. म्हणजे पैसे वाचतात, पण त्यासाठी हिवाळ्यातले सगळे रविवार द्यावे लागतात. नुसते पैसे वाचवायचे असतील तर मी पावडर कोटिंगवाल्याचा नंबर देईन.

फेब्रुवारीत मालवणला गेलो. दोन रात्री समुद्राकाठी गाडी उभी राहिली आणि परत येईपर्यंत चाकांवर धूसर पडदा आला. गोड्या पाण्याने धुऊन, ऑटोसोल लावून तो तासाभरात गेला. २०२५ चा पाऊस तर मेमध्येच येऊन धडकला. पावसाळाभर महिन्यातून एकदा हात फिरवावा लागला; ज्या महिन्यात आळस केला त्यानंतर चाकं राखाडी दिसली. पण वर लॅकर नसल्याने गंज लपून पसरत नाही, वरच्या वर असतो आणि निघतो. धुवायला फक्त गाडीचा सौम्य शॅम्पू. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर आधी सांगतो, चाकांना हात लावू नका.

मागची दोन चाकं मजेत आहेत, कारण सिटीला मागे ड्रम ब्रेक. पुढे डिस्क असल्याने ब्रेकचे गरम लोखंडी कण उघड्या धातूवर बसतात आणि ओल लागली की तांबूस ठिपके पडतात. त्यामुळे पुढच्या दोन चाकांवर या दिवाळीनंतर पारदर्शक पावडर मारून घेणार आहे. कोटिंगवाल्याने आत्ताच बजावलंय की २००० पर्यंत घासलेल्यावर ती धरणार नाही, ६०० चा हात मारून आणा. चकाकी थोडी कमी होईल. पिनहोलवालं चाक त्यातलंच एक आहे. काका म्हणतात, पावडर मारायच्या आधी ते नुसतंच एकदा भट्टीत तापवून घ्यायला सांग, नाहीतर छिद्रांतली हवा भट्टीत फुगून कोटिंगला फोड येतील. कोटिंगवाला त्याचे चाकामागे दोनशे जादा मागतोय.